पंगत एक, मान वेगवेगळे

आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळीची तारीख ठरवताना आधी पर्ड्यू विद्यापीठाचं फुटबॉलचं (म्हणजे इथलं, चेंडू हातात घेऊन धावायचं अमेरिकन फुटबॉल) वेळापत्रक बघावं लागतं. आम्ही इंडियाना राज्यात, वेस्ट लाफायेटला राहतो. सामना घरच्या मैदानावर असेल त्या शनिवारी गावात गाडी लावायला जागा मिळत नाही, हॉटेलच्या खोल्या परवडत नाहीत आणि सकाळपासून रस्ते काळ्या-सोनेरी कपड्यांनी भरून जातात.

२०२४ च्या ऑक्टोबरात सांगलीहून आत्या राहायला आली होती. त्या वर्षी पर्ड्यूने १२ पैकी १ सामना जिंकला. शेवटच्या सामन्यात शेजारच्या इंडियाना विद्यापीठाने त्यांना ६६-० असं हरवलं. दर शनिवारचा निकाल आत्या संध्याकाळी विचारायची. एकदा म्हणाली, "अरे, इतकं हरतात, तर ह्यांना स्पर्धेतून काढून का टाकत नाहीत?" टीव्हीचे पैसे गटातल्या सगळ्यांना सारखे वाटले जातात, हे सांगितल्यावर तिचा दुसरा प्रश्न आला. "म्हणजे जिंकणाऱ्याला जेवढं, तेवढंच ह्यांना? आणि जिंकणारा ते ऐकून घेतो?"

इथे पंधरा-वीस वर्षं फुटबॉल बघणारी माणसंसुद्धा हे प्रश्न इतके सरळ विचारत नाहीत. अमेरिकेतल्या कॉलेजच्या खेळांमध्ये गेल्या काही वर्षांत जी उलथापालथ झाली, ती याच दोन प्रश्नांभोवती फिरते आहे.

आधी कॉन्फरन्स म्हणजे काय ते बघू. कॉन्फरन्स हा विद्यापीठांचा गट असतो. गटातली विद्यापीठं एकमेकांशी खेळतात, नियम एकत्र ठरवतात आणि टीव्हीचे हक्क एकत्र विकतात. पर्ड्यू ज्या गटात आहे त्याचं नाव बिग टेन. त्याची पहिली बैठक पर्ड्यूचे तेव्हाचे अध्यक्ष जेम्स स्मार्ट यांनी १८९५ मध्ये शिकागोत बोलावली आणि १८९६ मध्ये ७ विद्यापीठांनी गट स्थापन केला. तेव्हाची चिंता वेगळी होती. फुटबॉलसाठी भाड्याने खेळाडू आणायची पद्धत बोकाळली होती, आणि मैदानावरचा मुलगा खरोखर वर्गात बसणारा विद्यार्थी असावा, असा या सात जणांचा आग्रह होता. म्हणजे सारख्या रीतीभाती पाळणाऱ्यांनी एकमेकांशी सोयरीक केली होती. कोण किती जिंकतो, यावर प्रवेश ठरत नव्हता. नावात टेन असलं तरी आज सदस्य १८ आहेत, आणि ते न्यू जर्सीतल्या रट्गर्सपासून लॉस एंजेलिसमधल्या यूएससी आणि यूसीएलएपर्यंत पसरले आहेत.

आत्याच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर या सोयरिकीत आहे. रणजी करंडकात तळाचा संघ प्लेट गटात जातो. इंग्लंडच्या फुटबॉलमध्ये शेवटचे संघ खालच्या विभागात ढकलले जातात. अमेरिकेतल्या कॉन्फरन्समध्ये हरण्याची अशी शिक्षा नसते. एकदा घरात आलं की घरातलं. बाहेर जायचं तर आपणहून जायचं.

आणि आपणहून गेलेले आहेत. बिग टेनच्या संस्थापकांमधलं शिकागो विद्यापीठ हे त्यातलं सर्वांत विलक्षण उदाहरण. एमोस अलोन्झो स्टॅग तिथे १८९२ पासून ४० वर्षं कोच होते आणि त्यांच्या काळात शिकागोने बिग टेनची ७ विजेतेपदं मिळवली. देशातल्या सर्वोत्तम खेळाडूला मिळणारी जी ट्रॉफी आज हाइझमन म्हणून ओळखली जाते, ती १९३५ मध्ये पहिल्यांदा मिळाली ती शिकागोच्या जे बरवँगरला. मग चारच वर्षांत, १९३९ च्या हंगामात, मिशिगनने त्याच शिकागोला ८५-० असं हरवलं. ओहायो स्टेटने ६१-० केलं, इलिनॉयने ४६-०. विद्यापीठाचे अध्यक्ष रॉबर्ट हचिन्स यांच्या मते विद्यापीठाचं काम शिक्षण आणि संशोधन हे होतं आणि फुटबॉलचा व्याप त्याच्या आड येत होता. डिसेंबर १९३९ मध्ये शिकागोने फुटबॉल बंद केलं. ओस पडलेल्या स्टॅग फील्डच्या प्रेक्षागाराखाली २ डिसेंबर १९४२ रोजी एन्रिको फर्मींच्या चमूने जगातली पहिली नियंत्रित अणुसाखळी प्रक्रिया घडवून आणली. १९४६ मध्ये शिकागो बिग टेनमधून बाहेर पडलं.

मला यात भावतं ते पुढचं. १९५८ मध्ये बिग टेनच्या विद्यापीठांनी ग्रंथालयं, संशोधन आणि अभ्यासक्रम यांसाठी सहकार्याची वेगळी संस्था काढली, तेव्हा त्यांनी शिकागोला सोबत घेतलं. मैदानावरचं नातं तुटलं होतं, पण विद्येतली बरोबरी शाबूत होती.

दक्षिणेतल्या एसईसी या गटात सवानी नावाचं एक छोटं कॉलेज होतं. १८९९ मध्ये त्यांच्या संघाने ६ दिवसांत ५ सामने खेळले आणि समोरच्याला एकही गुण न देता पाचही जिंकले. १९३२ मध्ये एसईसी स्थापन झाली तेव्हा ते संस्थापकांच्या पंक्तीत होते. त्यानंतर गटातल्या ३७ सामन्यांपैकी त्यांनी एकही जिंकला नाही, आणि १९४० मध्ये ते शांतपणे बाहेर पडले. कुणी त्यांना हाकललं नव्हतं.

आता अपेक्षांकडे येऊ, कारण दर्जा म्हणजे काय हे कळतं ते अपेक्षांवरून. साधं गणित करा. बिग टेनमध्ये १८ संघ आहेत आणि प्रत्येकाचे गटातले सामने ९. म्हणजे एकूण ८१ सामने, ८१ विजय आणि ८१ पराभव. अठरा सोन्यासारखे कोच आणले, मैदानं नवी बांधली, वाटेल तेवढा पैसा ओतला, तरी ८१ पराभव कुणाच्या तरी पदरात पडणारच. ओहायो स्टेटच्या माणसाला वाटतं ९ पैकी ९ जिंकावेत. मिशिगन, पेन स्टेट, ओरेगन, यूएससी यांनाही तसंच वाटतं. या सगळ्यांच्या अपेक्षांची बेरीज ८१ मध्ये मावत नाही. त्यामुळे दर वर्षी कुणा ना कुणा मोठ्या घरात सुतक असतं, आणि ते कोचच्या नोकरीवर येतं.

नेब्रास्काचं बघा. पाच राष्ट्रीय विजेतेपदं, आणि १९६२ पासून घरच्या प्रत्येक सामन्याची सगळी तिकिटं विकली जाणारं मैदान. २०११ मध्ये ते बिग टेनमध्ये आले. कोच बो पेलिनी यांनी ७ हंगामांत एकदाही ९ पेक्षा कमी सामने जिंकले नाहीत, तरी ३० नोव्हेंबर २०१४ रोजी, ९ विजय आणि ३ पराभव अशा हंगामानंतर, त्यांना काढण्यात आलं. नऊ विजय म्हणजे नेब्रास्काला अपुरे वाटत होते, कारण नव्वदच्या दशकात त्यांनी राष्ट्रीय विजेतेपदं पाहिली होती. पुढे २०१७ ते २०२३ अशी सलग ७ वर्षं त्यांना जिंकले जास्त आणि हरले कमी असा एकही हंगाम लाभला नाही. २०२४ मध्ये ७ विजय, ६ पराभव झाले आणि नेब्रास्काच्या लिंकन शहराने सुटकेचा श्वास सोडला. दहा वर्षांपूर्वी तिथे नऊ विजय कमी पडले होते.

त्याच २०२४ मध्ये नॅशव्हिलच्या व्हँडरबिल्टचाही हिशेब ७ विजय, ६ पराभव असाच होता. एसईसीतलं हे एकमेव खासगी विद्यापीठ. अभ्यासात नावाजलेलं, फुटबॉलमध्ये पिढ्यान्‌पिढ्या तळाला. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी त्यांनी देशात पहिल्या क्रमांकावर असलेल्या अलाबामाला ४०-३५ असं हरवलं. विद्यार्थ्यांनी गोलपोस्ट उखडला, खांद्यावर घेऊन शहराच्या रस्त्यांतून मिरवला आणि कंबरलँड नदीत नेऊन सोडला. आपल्याकडे गणपती नेतात तशा मिरवणुकीचं ते दृश्य मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

वरच्या टोकाला काय होतं, तेही त्याच वर्षी दिसलं. ओहायो स्टेट १० विजय मिळवून बसले होते, पण ३० नोव्हेंबरला घरच्या मैदानावर मिशिगनकडून १३-१० असे हरले. मिशिगनकडून ही सलग चौथी हार होती. कोच रायन डे यांना काढा, अशी हाकाटी सुरू झाली. तोच संघ सात आठवड्यांनी, २० जानेवारी २०२५ रोजी, नोटर डेमला ३४-२३ हरवून राष्ट्रीय विजेता झाला. पेन स्टेटच्या जेम्स फ्रँकलिन यांना अशी संधी मिळाली नाही. २०२५ च्या जानेवारीत ते राष्ट्रीय उपांत्य फेरीत होते, ऑगस्टमध्ये त्यांचा संघ देशात दुसऱ्या क्रमांकाचा मानला जात होता. मग ओरेगनशी हरले, तोवर एकही सामना न जिंकलेल्या यूसीएलएशी हरले आणि घरच्या मैदानावर नॉर्थवेस्टर्नशी २२-२१ असे हरले. दुसऱ्या दिवशी त्यांची नोकरी गेली. ओरेगनकडून झालेली हार लोकांनी एक वेळ पचवली असती. यूसीएलए आणि नॉर्थवेस्टर्नकडून झालेली हार म्हणजे आपल्या पायरीवरून खाली येणं होतं. मैदानावर प्रत्येक पराभव एकच मोजला जातो. घराघरांत मात्र कुणाकडून हरलो हे आधी मोजतात.

दर्जाची शिडी एकच असते असंही नाही. पर्ड्यू फुटबॉलमध्ये तळाला गेलं, त्याच २०२४ च्या एप्रिलमध्ये त्यांचा बास्केटबॉलचा संघ राष्ट्रीय अंतिम सामना खेळला होता. इंडियाना विद्यापीठाच्या नावावर बास्केटबॉलची ५ राष्ट्रीय विजेतेपदं आहेत, तर २०२४ चा हंगाम सुरू झाला तेव्हा फुटबॉलमधले देशातले सर्वाधिक पराभवही त्यांच्याच नावावर होते. आयोवात कुस्तीचं वेड इतकं आहे की कोल्हापूरच्या माणसाला तिथे परकं वाटू नये. आणि एक शिडी विद्येची. संशोधन करणाऱ्या आघाडीच्या विद्यापीठांची एएयू नावाची संघटना आहे. नेब्रास्काला बिग टेनने २०१० मध्ये होकार दिला तेव्हा ते तिचे सदस्य होते, आणि बिग टेनचे सगळेच तेव्हा सदस्य होते. २०११ मध्ये, बिग टेनमध्ये प्रत्यक्ष दाखल होण्याच्या आधीच, एएयूने नेब्रास्काला मतदानाने बाहेर काढलं. लग्न ठरल्यावर मुलाची नोकरी जावी तसं ते होतं. बिग टेनने शब्द मोडला नाही.

आता आत्याचा दुसरा प्रश्न, पैशाचा. बिग टेनचा पाया समान वाट्याचा आहे. फॉक्स, सीबीएस आणि एनबीसी या टीव्ही कंपन्यांशी २०२२ मध्ये ७ वर्षांचा, ७ अब्ज डॉलरहून मोठा करार झाला. त्यातून ओहायो स्टेटला जेवढा वाटा मिळतो, तेवढाच पर्ड्यूला. यामागचा विचार समजून घेण्यासारखा आहे. ओहायो स्टेटचा सामना टीव्हीवर दाखवायचा तर समोर कुणीतरी लागतं. ते कुणीतरी उपाशी राहिलं, तर आठ-दहा वर्षांत सामने एकतर्फी होतील, आणि एकतर्फी सामना बघायला लोक बसत नाहीत. शिवाय प्रत्येक विद्यापीठाचं मत एक. आत्याला मी सांगितलं, एकत्र कुटुंबासारखं आहे, मुंबईत कमावणारा भाऊ आणि गावची शेती बघणारा भाऊ, धान्य एकाच कोठीत. आत्या म्हणाली, "मग कमावत्याच्या बायकोने विचारलं की संपलं."

तसंच झालं. टेक्सास विद्यापीठाने २०११ मध्ये ईएसपीएन या क्रीडावाहिनीसोबत स्वतःचं वेगळं चॅनेल काढलं, २० वर्षांसाठी ३० कोटी डॉलरचा करार. त्यांच्या तेव्हाच्या गटात, बिग १२ मध्ये, आधीच धुसफूस होती. नेब्रास्का आणि कोलोरॅडो तोवर बाहेर पडलेच होते, पुढे टेक्सास ए अँड एम आणि मिझुरीही गेले. शेवटी २०२४ मध्ये खुद्द टेक्सासनेही घर बदललं आणि ओक्लाहोमासह एसईसीत गेलं.

अटलांटिक किनाऱ्यावरच्या एसीसी या गटात भांडण कोर्टात गेलं. फ्लोरिडा स्टेटने २०२३ मध्ये १३ पैकी १३ सामने जिंकून एसीसी जिंकली, तरी राष्ट्रीय विजेता ठरवणाऱ्या प्लेऑफच्या चार जागांमध्ये त्यांना जागा मिळाली नाही. त्यांचा मुख्य क्वार्टरबॅक, म्हणजे चढाईची सूत्रं हलवणारा खेळाडू, जखमी होता. न हरलेला, मोठ्या गटाचा विजेता बाहेर बसला, असं या प्लेऑफमध्ये तोवर झालं नव्हतं. त्याच महिन्यात, २२ डिसेंबरला, त्यांनी स्वतःच्याच कॉन्फरन्सवर खटला भरला. काही महिन्यांनी क्लेमसननेही तेच केलं. एसीसीच्या सगळ्या सदस्यांनी आपल्या घरच्या सामन्यांचे टीव्ही हक्क २०३६ पर्यंत गटाच्या नावे लिहून दिले होते, म्हणजे बाहेर पडलं तरी हक्क मागे राहणार होते. बिग टेन आणि एसईसीतल्या बरोबरीच्या विद्यापीठांना कितीतरी जास्त मिळत असताना आपण इथे अडकून पडलो, हे फ्लोरिडा स्टेटचं दुखणं. मार्च २०२५ मध्ये तडजोड झाली. आता टीव्हीच्या पैशातला ६० टक्के भाग कुणाचे सामने किती लोक बघतात यावर वाटला जातो आणि ४० टक्के समान. एकत्र कोठीच्या किल्ल्या वाटल्या गेल्या त्या अशा.

माझं मन मात्र कमावत्या भावापेक्षा मागे राहिलेल्यांकडे ओढ घेतं. पॅसिफिक किनाऱ्यावरची पॅक-१२ ही कॉन्फरन्स १९१५ मधली, आणि ओरेगन स्टेट तिच्या चार संस्थापकांपैकी एक. शेजारचं वॉशिंग्टन स्टेट १९१७ पासूनचं. २०२२ मध्ये यूएससी आणि यूसीएलएने बिग टेनची वाट धरली, २०२३ मध्ये बाकीचेही पांगले, आणि १२ पैकी हे दोघेच उरले. त्यांनी काही चुकीचं केलं नव्हतं. त्यांची गावं लहान होती, म्हणून टीव्हीच्या हिशेबात ते बसले नाहीत. ज्यांच्याशी शंभर वर्षं खेळलो त्यांनी जाताना हात धरला नाही, हे तिथल्या माणसांना किती लागलं असेल, ते मला इथे बसून कळतं, कारण पर्ड्यूही मोठ्या शहरात नाही.

आणि ज्यांना जागा हवी होती त्यांनी काय किंमत दिली बघा. डॅलसचं एसएमयू हे विद्यापीठ २०२४ मध्ये एसीसीत आलं ते ९ वर्षं टीव्हीच्या पैशाचा वाटा न घेण्याच्या अटीवर. कॅलिफोर्निया आणि स्टॅनफर्डने पहिली ७ वर्षं ३० टक्क्यांवर समाधान मानलं. ओरेगन आणि वॉशिंग्टन बिग टेनमध्ये आले ते जवळपास अर्ध्या वाट्यावर. पंगतीत पान मांडलं जावं, वाढतील तेवढं खाऊ, अशी त्यांची तयारी होती. पहिल्याच वर्षी एसएमयू एसीसीचा अंतिम सामना खेळलं आणि राष्ट्रीय प्लेऑफमध्ये गेलं. आणि अर्ध्या वाट्याचं ओरेगन २०२४ मध्ये बिग टेनमध्ये एकही सामना न हरता विजेतं झालं. अंतिम सामन्यात त्यांनी पूर्ण वाटा घेणाऱ्या पेन स्टेटला ४५-३७ असं हरवलं.

२०२५ पासून विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात, पहिल्या वर्षी साधारण २ कोटी डॉलरपर्यंत. त्यामुळे प्रत्येकाचा खिसा फाटला आहे. त्याच वर्षी बिग टेनमध्ये बाहेरच्या गुंतवणूकदाराकडून दोन अब्ज डॉलरहून जास्त रक्कम घ्यायची योजना पुढे आली. त्यात मोठ्या नावांना जास्त आणि इतरांना कमी अशा पायऱ्या होत्या. मिशिगन आणि यूएससी आडवे गेले आणि योजना थांबली. त्यांचे आक्षेप वेगळे होते, पण पर्ड्यूसारख्यांसाठी यातली मेख ही की आजवर मनात असलेली उतरंड पहिल्यांदा कागदावर येणार होती. मला तो बदल धोक्याचा वाटतो. लोकांच्या मनातला दर्जा बदलता येतो. करारात आकड्याने लिहिलेला दर्जा करार संपेपर्यंत बदलत नाही.

आणि तो मनातला दर्जा किती झपाट्याने बदलतो, ते आमच्याच राज्यात घडलं. इंडियाना विद्यापीठाने २०२१ ते २०२३ या तीन वर्षांत ९ सामने जिंकले होते. कर्ट सिग्नेटी कोच म्हणून आले आणि २०२४ मध्ये ११ जिंकले. विद्यापीठाच्या इतिहासात एका हंगामात १० विजय कधी झाले नव्हते. डिसेंबर २०२५ मध्ये त्यांनी ओहायो स्टेटला १३-१० हरवून बिग टेन जिंकली, १९६७ नंतर पहिल्यांदा. जानेवारी २०२६ मध्ये मायामीला हरवून ते राष्ट्रीय विजेते झाले, तेही एकही सामना न हरता. २०२४ च्या सुरुवातीला देशातल्या सर्वाधिक पराभवांचा धनी असलेला संघ. पायऱ्यांनुसार वाटे आधीच लिहून ठेवले असते, तर तो खालच्या पायरीवरच सापडला असता.

इंडियाना विद्यापीठाच्या गावात, ब्लूमिंग्टनला राहणारा माझा मित्र आता म्हणतो की पुढच्या वर्षी दोन सामने हरलो तर लोक ऐकून घेणार नाहीत. तीन वर्षांपूर्वी तोच मित्र चार विजयांवर खूश असायचा.

२८ नोव्हेंबर २०२५ च्या शुक्रवारी रात्री इंडियाना आमच्या मैदानावर आलं आणि ५६-३ असं जिंकून गेलं. पर्ड्यूचा हंगाम २ विजयांवर संपला. आत्याला सांगलीला फोन करून निकाल सांगितला. ती म्हणाली, "पण माणसं गेली होती ना बघायला?" गेली होती. थंडी खूप होती, तरी गेली होती.

या दोन विद्यापीठांच्या सामन्यात जिंकणाऱ्याला एक जुनी लाकडी बादली मिळते. तिच्या साखळीत दर वर्षी एक कडी जोडतात, पर्ड्यू जिंकलं तर पी अक्षराची, इंडियाना जिंकलं तर आय अक्षराची. १९२५ चा पहिला सामना बरोबरीत सुटला, म्हणून पहिली कडी दोघांची मिळून आहे. राष्ट्रीय विजेत्यांनी त्या रात्री आणखी एक आय नेला. साखळीत पी अजून कितीतरी जास्त आहेत.